पुढच्या दिवाळीतला पीसी

नवा कॉम्प्युटर घेताना ज्याला विचारल्याशिवाय गल्लीत कुणी पैसे मोजत नाही आणि ज्याने स्वतः पंधरा-सोळा वर्षांत नवा घेतलेला नाही, असा एक गृहस्थ सोलापुरात शोधावा लागत नाही. सोयीसाठी त्याला लिनक्सअण्णा म्हणू. त्याची मशीन कोअर टू ड्युओच्या जमान्यातली, असेंबल केलेली. कॅबिनेटची एक बाजू कायमची उघडी, कारण इथला मे महिना त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा. प्रोसेसरची काळजी अण्णा घरातल्या माणसांइतकीच घेतो, थर्मल पेस्ट मात्र फक्त प्रोसेसरला मिळते. ‘काय अण्णा, मशीन कधी बदलणार?’ याला त्याचं उत्तर ठरलेलं: ‘दिवाळीला बघू.’ कोणत्या दिवाळीला, हे विचारण्याइतका उद्धटपणा सोलापूरकर करत नाही. लोकांचा समज असा, की बिचाऱ्याला घ्यायचंय पण पैसा सुटत नाही. हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. अण्णाला नवी मशीन नको आहे. त्याला हवी आहे ती तिची यादी.

यादीचा इतिहास पाहिला की हे पटतं. तिच्यात पहिली रॅम डीडीआर३ होती, मग डीडीआर४ आली, आता डीडीआर५ आहे. खोडून पुन्हा लिहिण्यात कागद झिजला, खिसा नाही. आणि दर वेळी जगातलं एखादं संकट अण्णाच्या मदतीला धावून आलं. २०११मध्ये थायलंडात पूर आला, तिथले कारखाने बुडाले आणि हार्ड डिस्कचे भाव जगभर चढले. थांबणं आलं. २०२१मध्ये चिपांचा तुटवडा, त्यात क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली. पुन्हा थांबणं आलं. (अण्णा गेम खेळत नाही, ग्राफिक्स कार्ड त्याला कशाला हवं होतं, हा प्रश्न यादीच्या कक्षेबाहेरचा.) २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅम महागली, तेव्हा अण्णाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते घेणाऱ्याचं खचितच नव्हतं.

मग ही हौस भागते कशावर? फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे लिनक्सवर. त्यातल्या उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरात येते; दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस, दर दोन वर्षांनी. २४.०४ ही आवृत्ती २५ एप्रिल २०२४ला आली, पण अण्णाने तिला हात लावला नाही. जुन्या एलटीएसवरून नवीवर जायचा रस्ता पहिली दुरुस्त आवृत्ती आल्यावरच खुला होतो, आणि ती त्या वर्षी लांबून २९ ऑगस्टला आली. चार महिने थांबल्याचा अभिमान अण्णाला चढण्याच्या आनंदापेक्षा मोठा. शिवाय या घराण्यात दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘एपीटी अपडेट’ने नव्या मालाची नुसती यादी ताजी होते, बसत काहीच नाही, बसवायला ‘एपीटी अपग्रेड’ म्हणावं लागतं. सॉफ्टवेअरला अण्णा दोन्ही आज्ञा देतो. हार्डवेअरच्या बाबतीत तो गेली कैक वर्षं पहिल्याच आज्ञेवर आहे.

यावर कुणी म्हणेल, एवढं पाल्हाळ कशाला, माणूस चिकट आहे म्हणा की. पण चिकट माणूस यूपीएसची बॅटरी वेळेवर बदलत नाही आणि चालू असलेल्या मशीनमध्ये एसएसडीही बसवत नाही. अण्णा हे सगळं करतो. ज्या गावात जुना यंत्रमाग एकेक भाग बदलून पुढच्या पिढीकडे जातो, तिथे यंत्र चालतं ठेवणं ही कंजुषी मानली जात नाही, ती कसब मानली जाते. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून मागाला सांगणारं जकार्ड सोलापूरला कॉम्प्युटरच्या आधीपासून ठाऊक आहे. तेव्हा यंत्राशी आज्ञांच्या भाषेत बोलणारा माणूस इथे उपरा नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार: या सगळ्या खटाटोपातून काम काय होतं? खरं सांगायचं तर फार नाही. नवी पेठेतल्या दुकानदाराला टॅली लागते, टॅली विंडोजवर चालते, आणि लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची अण्णाची वाइन नावाची तोड ऐकून दुकानदार आधी दचकतो, मग नाही म्हणतो. तिथे अण्णा हरतो, आणि ते मान्य केलंच पाहिजे. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. घरोघरचे धडधाकट पीसी एका तारखेत म्हातारे ठरले. ज्या घरात कॉम्प्युटर म्हणजे ब्राउझर, पोरांचा अभ्यास आणि जुने फोटो, तिथे दोन जीबी रॅमवर उभं राहणारं, चार जीबीत निवांत चालणारं लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेऊन अण्णा पोचतो. पैसे घेत नाही, चहा घेतो, आणि जाताना ‘एवढ्यात नवा घेऊ नका’ असा सल्ला देतो. विकणाऱ्यांना हा माणूस का आवडत नाही ते कळतं.

सध्या यादीत सर्वात वर एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड आहे. या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. दुसरा कुणी यातून असा अर्थ काढेल, की आता घ्यायला हरकत नाही. अण्णाने काढलेला अर्थ असा, की निदान २०२७पर्यंत घाई करायचं काही कारण नाही.