अजून एक हात

पुण्यातल्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास एक स्कूटर उघडीवाघडी उभी असते. बाजूची पॅनेलं गायब, वायरी बाहेर लोंबताहेत, इंडिकेटरच्या जागी भोकं. चोरी झालेली नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी ती रंगवायला काढली आहे.

हे काका बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. गाडीवर ओरखडा वीतभरच असतो. पण तेवढाच भाग रंगवला तर उन्हाने विटलेल्या बाकीच्या अंगाशी छटा जुळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटत नाही. सगळीच पॅनेलं उतरवणं आलं!

चेतकच्या पिढीला हे सुख नव्हतं. १९७२ साली आलेल्या त्या स्कूटरचं अंग पत्र्याचं. पोचा आला की डेंटरचं दार ठोठावायचं. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा बरंचसं प्लास्टिक लेवून आली आणि चार स्क्रू काढले की गाडी तुकड्यातुकड्याने घरात नेता येते, हा शोध मध्यमवर्गाला लागला. प्लास्टिकला गंज नाही, घाई नाही. काकांना तर नाहीच नाही.

मेकॅनिक सगळ्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतो. काका पॅनेल उलटं करून आतली बारीक अक्षरं दाखवतात. एबीएस असेल तर नीट घासल्यावर रंग धरतं, पण कडक थिनर लागला की विरघळून चिकट होतं. पीपी असेल तर ते कुणालाच जवळ करत नाही. खास प्लास्टिक प्रायमर न देता मारलेला रंग काही दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. हे व्याख्यान दूधवाल्यालाही चुकलेलं नाही.

मग घासणं. खरं तर काका रंगवण्यासाठी घासत नाहीत, घासण्यासाठी रंगवतात. ४०० नंबरचा पाणीपेपर, मग ६०० चा, मग ८०० चा. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली. बोटांची टोकं गुळगुळीत होतात, मोबाईल अंगठा ओळखेनासा होतो. आधी गाडीला चकाकीचं पॉलिश केलेलं असेल तर त्यातलं सिलिकॉन पुसून काढावं लागतं, नाहीतर ओल्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. ते पुसायला स्वयंपाकघरातली कोणती फडकी गेली, याची चौकशी अजून चालू आहे.

प्रत्यक्ष रंग मारणं हे जेमतेम एका सकाळचं काम. पण ती सकाळ उगवत नाही. पावसाळ्यात मारावा, तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकर दुधाळ होतं. थंडीत स्प्रेच्या डब्यातला दाब उतरतो. डबा कोमट पाण्यात ठेवावा लागतो (काकांनी तो आंघोळीच्या बादलीत ठेवला होता, आंघोळ दुसऱ्याची होती). मे महिन्यात फवारा पॅनेलवर पोचायच्या आतच सुकतो आणि हाताला वाळू लागते. राहता राहिला दसरा-दिवाळीचा काळ. तेव्हा गच्चीवर गाद्या असतात.

“अहो, मी मंडईत जाऊ कशी?” काकूंचा प्रश्न साधा असतो. काकू बसने जातात.

अखेर एका सकाळी गच्चीवर कपड्यांच्या तारेला पॅनेलं टांगली जातात. डबा हलवताना आतली गोळी खुळखुळते आणि सगळ्या इमारतीला कळतं. वीतभर अंतरावरून, हात न थांबवता, पातळ थर. लाल रंग मुळात कमी झाकतो, खाली पांढरा प्रायमर हवाच. शिवाय दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायला हवं. काकांना थांबण्याची एवढी सवय, पण नेमकं इथेच धीर सुटतो. “अजून एक हात देऊन टाकू,” म्हणतात, आणि कडेने लाल ओघळ खाली येतो. शिवाय वरच्या ओल्या लॅकरवर एक डास येऊन बसतो. त्याला तेव्हा हात लावायचा नसतो. पूर्ण सुकल्यावर २००० च्या पेपरने हलकेच उतरवायचा. म्हणजे पुन्हा घासणं. काकांचा चेहरा उजळतो.

गाडी जोडली जाते. दोन क्लिपा तुटतात, तिथे केबल टाय येतात. पण चकाकी खरोखर शोरूमची; खवचट शेजारीसुद्धा पॅनेलवर बोट फिरवून गप्प होतात. काकू किल्ली मागतात.

“छे! हाताला सुकलाय, आतून नाही. पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. धुवायची नाही, कव्हर घालायचं नाही.”

“चालवायची?”

काका उत्तर देत नाहीत. ते जरा मागे सरकून सीटकडे बघत असतात. नव्या लालपुढे ते काळं रेक्झिन फारच फिकं दिसतंय. काकू पिशवी उचलून बस स्टॉपकडे निघतात, तेवढ्यात काका हाक मारतात, “थांब, मीही येतो. नाना पेठेत सीटकव्हरचे भाव विचारून येऊ.”