तोंड काळं करून आले!

सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गणपतीत इथल्या आमच्या मंडळाच्या हॉलवर आरती संपलेली, खिरापतीची रांग लागलेली आणि खांबाआड दोन गृहस्थ कुजबुजत होते. "दाब किती येतोय?" "बंद असताना शून्य हवा ना? माझा चाळीस." दोघेही पन्नाशीपुढचे, एकाची बायपास झालेली. मला वाटलं ब्लडप्रेशर. म्हटलं, अहो, बंद असताना म्हणजे, झोपेत? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून गाभाऱ्यात शिरले.

चौकशी केली. (करावीच लागते, मंडळाची सेक्रेटरी आहे मी.) लंडनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना कॅम्परव्हॅनचं वेड लागलंय. 2020 मध्ये विमानं बंद पडली तेव्हा जो तो जुनी डिझेल व्हॅन घेऊन त्यात पलंग आणि शेगडी बसवत सुटला. इथवर ठीक. फोक्सवागनची बस 1950 ची आणि वेस्टफालियाने त्यात संसार थाटायला घेतला तो 1951 पासून, म्हणजे हे खूळ तसं जुनंच. पण तेव्हाच्या बसला ना कॉम्प्युटर, ना धुराची गाळणी. आताच्या डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो. व्हॅन थंडीभर दारात उभी, बाहेर पडली तर वाण्यापर्यंत. एक्झॉस्ट तापतच नाही, मग आतली काजळी जळणार कशी? आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. काय दिवे लावले म्हणतात ना, तोच.

आता खरी भानगड ऐका. नाव घेत नाही, पण वहिनी ठाण्याच्या आहेत आणि चकल्या उत्तम करतात. कळायचं त्याला कळेल. त्यांचे यजमान रविवारी पहाटे उठून गुपचूप बाहेर जायला लागले. फोनवर सारखं काहीतरी बघायचं आणि वहिनी आल्या की पालथा ठेवायचा. मग वहिनींची लाल नेलपॉलिशची बाटली नाहीशी झाली. आणि एका रविवारी हे महाशय अक्षरशः तोंड काळं करून घरी आले. कपाळापासून हनुवटीपर्यंत! वहिनी रडायच्याच बाकी होत्या.

झालं होतं असं. गॅरेजवाल्याने फिल्टरच बदला म्हणून हजार पौंडांच्या वरचा आकडा सांगितलेला. यजमान मूळचे हिशेबनीस. त्यांनी स्टिअरिंगखालच्या खोबणीत बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र खोचलं, फोनवर बघितलं, तर पी 2453. म्हणजे फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची बोंब. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, तीन वायरींचा प्लग, खाली दोन रबरी नळ्या. इंजिन बंद असूनही तो चाळीस मिलिबार दाखवत होता, म्हणजे बिचाऱ्या फिल्टरवर नुसता आळ. नवा सेन्सर चाळीस पौंडांना. कुठली नळी कुठे ते चुकू नये म्हणून एकीवर लाल ठिपका दिला. नेलपॉलिश सापडली! तेवढं करून थांबायचं ना? पण नळी तुंबलीय का बघायला तोंड लावून फुंकर मारली, आणि किती वर्षांची साठलेली काजळी, ती उलटून थेट चेहऱ्यावर.

बायपासवाल्यांनी तर ठिपकाही दिला नाही. नळ्या उलट्या बसवल्या, तर दाब वजा दिसायला लागला. धूर जणू मागच्या दाराने घरात शिरतोय! शिवाय नुसता सेन्सर बदलून आणि कोड पुसून भागतंच असं नाही. नवी सून आली की सासूला सांगावं लागतं, तसं बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरला सांगावं लागतं. यांनी ते केलं नाही आणि दिवा पुन्हा हजर.

त्यातल्या त्यात निर्लज्ज ते वेगळेच. ते फिल्टर आतून पोकळ करून टाकतात. ही मात्र खरी लाज. फेब्रुवारी 2014 पासून फिल्टर गायब दिसला की एमओटी तपासणीत गाडी नापास, आणि अशी व्हॅन रस्त्यावर सापडली तर दंड अडीच हजार पौंडांपर्यंत. आमच्या मंडळात असं कोणी नाही. असला तर त्याच्या हातचा प्रसाद मी घेणार नाही.

सेन्सर बसल्यावर यजमान म्हणाले, "चल, जरा लांब फिरून येऊ." लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं कधी म्हणाले नव्हते. वहिनींनी मोरपंखी साडी नेसली. एम-फोरवर पंचवीस मिनिटं एका लयीत गाडी. वहिनींनी हळूच हातावर हात ठेवला, तर हे म्हणतात, "अगं, फोनकडे बघ, किती ग्रॅम राहिली?" काजळी! फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापला होता आणि वहिनी आकडे वाचत होत्या. एकवीस. सतरा. अकरा. सर्व्हिसेसला चहा घ्यायचा म्हटलं, तर "मध्येच थांबवायची नाही!"

दसऱ्याला मी त्यांच्याकडे सोनं द्यायला गेले. पाटावर पाने, स्क्रू ड्रायव्हर, कोड वाचायचं यंत्र आणि मधोमध तो जुना सेन्सर, वर झेंडूचं फूल. वहिनी मुकाट्याने सगळ्यांना हळदकुंकू वाहत होत्या. सेन्सरपाशी आल्या, थबकल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सवत असली म्हणून काय झालं, सणावाराला आलीय. ओटी भरते."