जीआरएन झालं का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत अक्कलकोट नाही. अक्कलकोट रोड नावाचं रेल्वे स्टेशन आहे, तिथंही अक्कलकोट नाही; गाव अजून दहा-अकरा किलोमीटर लांब. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचे भक्त हा धडा एकदा तंगडतोड करून शिकतात. सॉफ्टवेअरला तंगड्याच नसल्यामुळे ते शिकत नाही.

परवा या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात 'सप्लाय चेन'चं सॉफ्टवेअर विकायला पुण्याहून एक तरुण आला होता. नकाशावरच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, ही तुमची मालाची गाडी. आत्ता अक्कलकोट रोड स्टेशनवर आहे." मालकांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "गेटवर उभी हाय की!"

मग त्यानं 'डेड स्टॉक', म्हणजे नुसता पडून राहिलेला माल, समजावून सांगितला. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पाहिलेल्या माणसाला हे समजावण्याची गरज नव्हती.

खरं म्हणजे गाडी हरवतच नाही. ड्रायव्हरला फोन लावला की सापडते. मागच्या फाळक्यावर स्वामींचा 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' हा दिलासा रंगवलेला असतो, आता वर जीपीएस. पाठीशी असणारे वाढले, एवढंच. हरवतात ते पैसे.

सूत, रंगाई, ताणा, माग, शिलाई, गठ्ठा. टॉवेलचा प्रवास एवढाच, पण वाटेत प्रत्येकाचा हात पुढे असतो. सूतवाल्याला रोख पाहिजे, मागावरच्याला आठवड्याला पगार, वीजबिलाला तारीख. फक्त शेवटच्या चकचकीत दुकानवाल्याला घाई नसते. पूर्वी वसुलीला गेलं की पेढीवरचे शेठ चहा पाजून "उद्या या" म्हणायचे. चहा तरी मिळायचा! आता फोनवर एक गोड आवाज सांगतो, "जीआरएन झालेलं नाही." म्हणजे माल मिळाल्याची नोंद. टॉवेल विकले जाऊन कुणाच्या तरी बाल्कनीत वाळतायत, पण सिस्टीमच्या लेखी ते अजून पोचलेलेच नाहीत. नोंद झाली, की बिलावरचा पीओ, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, नंबर चुकलेला असतो. तो दुरुस्त केला, की 'पेमेंट सायकल' निघून गेलेली असते. ती सायकल कुठं गेली, त्याचा ठिपका कुठल्याच नकाशात नाही.

कायदा आहे ना! 2006चा एमएसएमई कायदा म्हणतो, पैसे द्यायला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. व्याज मागण्याचा हक्क पक्का. मागितल्यावर पुढची ऑर्डर मिळण्याचा नाही. तक्रारीसाठी 2017 मध्ये पोर्टल काढलं, त्याचं नाव 'समाधान'. नावं ठेवण्यात सरकारचा हात कोण धरणार? मग आयकर कायद्यात कलम 43बी(एच) आलं, 1 एप्रिल 2024 पासून. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. झालं! व्यापारी संघटना मुदतवाढ मागायला धावल्या आणि खरेदीवाले "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का?", म्हणजे तुम्ही त्या लघुउद्योगांत मोडता का, असं विचारू लागले. मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे का, त्या सुरात.

तर तो तरुण. सूत किती, बीम किती, गाडी कुठं, सगळं रिअल टाइम दाखवून झालं.

"आणि येणं कुठं अडकलंय, ते?" मालकांनी विचारलं.

"ते मॉड्यूल वेगळं घ्यावं लागेल, सर."

"बरं. तुमचे पैसे कधी द्यायचे?"

"वर्षाचे ॲडव्हान्स."

मालकांनी चहावाल्या पोराला दोन चहा सांगितले. "बिल पाठवून द्या," ते तरुणाला म्हणाले. "आमच्याकडं जीआरएन झालं की बघू."