समुद्राचं आवर्तन

खानदेशाला समुद्र नाही. तापी मुलताईहून निघते, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून वाहते आणि सुरतेच्या पुढे जाऊन समुद्रात रिकामी होते. वाटेत हतनूरला धरण बांधून आम्ही तिला जरा थोपवतो, पण तिचा जीव काही आमच्यात नाही.

त्यामुळे सुट्टीत समुद्र बघायला जायचं ठरलं की आमच्या घरात भूगोलावरून फूट पडते. खरं म्हणजे आम्हाला जवळचा समुद्र कोकणातला नाही, गुजरातचा. धुळ्याहून महामार्गाला लागलं की सुरत, आणि सुरतेहून पाऊल टाकलं की डुमस. आमचे धुळ्याचे नाना कट्टर डुमसवादी. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे पाण्याच्या मालकीबाबत त्यांचे विचार पक्के आहेत. ते म्हणाले, "तठला समुद्रमा पानी तं आपलंच शे. मंग दुसराना गावले कसाले जावानं?"

यावर जळगावच्या मामींनी एकच प्रश्न विचारला, "डुमसची वाळू कशी आहे?"

"काळी."

"मग काळी जमीन बघायला सुरतेला कशाला? आपल्या कपाशीत बसू."

रत्नागिरी ठरली.

जायचं कधी, हे मात्र वांग्यांनी ठरवलं. आमच्याकडे चातुर्मासात पुष्कळ घरी वांगं वर्ज्य असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की मग माणसं आवरत नाहीत. त्यामुळे डिसेंबर. आणि डिसेंबरात खानदेशी कुटुंब वांग्याविना चार दिवस काढेल हे संभवत नसल्यामुळे बामणोदच्या वांग्यांची एक गोणी. भरीत नुसतं भाजून होत नाही, ते ठेचावं लागतं, म्हणून लाकडी बडजी. भाकरी साधी नको, म्हणून कळण्याचं पीठ. वरण-बट्टीचं पीठ वेगळं, कारण ते जाडसर. शेव, ठेचा, काळा मसाला, बिबड्या. उरलेल्या जागेत कपडे.

जळगावहून मंगला एक्स्प्रेस थेट कोकणात जाते. फलाटावर रात्री अशी थंडी, की आम्ही स्वेटर, मफलर, माकडटोप्या घालून दरोडेखोरांसारखे उभे होतो. पनवेलला स्वेटर उतरले. चिपळूणपर्यंत मफलर डोक्यावरून घाम पुसायच्या कामी लागले. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. डब्यात दिवे चालू होते, तरी बोगदा संपेपर्यंत मामींनी गोणीवरचा हात काढला नाही. समोरच्या सहप्रवाशाने विचारलं, "व्यापार का?" मामी म्हणाल्या, "नाही, सहल."

रत्नागिरीत पहिल्यांदा थिबा पॅलेस. ब्रह्मदेशचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं, त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० च्या सुमारास हा वाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो इथेच वारला. लाल विटांचा, तीन मजली, ऐसपैस. नानांनी वर जाऊन खाडी बघितली, खाली येऊन म्हणाले, "राजाला शिक्षा म्हणून जिथे ठेवलं, तिथे आपण पैसे भरून आलो." मामींना वेगळीच चिंता. एवढी वर्षं त्याला जेवायला काय देत असतील? नारळाच्या रश्शाचं पहिलं जेवण आमचं नुकतंच झालं होतं. त्यांचा सूर सहानुभूतीचा होता.

तिथून आरे-वारेचा किनारा धरून गणपतीपुळे. हा रस्ता डोंगराच्या कडेने जातो आणि एका वळणावर खाली निळं पाणी असं काही उघडतं, की आमच्या गाडीतली शेवेची पिशवीसुद्धा हातोहात फिरायची थांबली. गणपतीपुळ्याला टेकडी हाच देव, त्यामुळे प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला. नाना म्हणाले, "आपल्या पद्मालयाला गणपती दोन आहेत. एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. एवढं चालावंही लागत नाही." देवळाच्या बाबतीत आम्ही खानदेशी जरा हिशेबी.

मुक्काम पुढे मालगुंडला, एका घरी. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव. तिथे स्मारक आहे. मामींना कवितेचं वेड नाही. पण हे गृहस्थ पुढे आमच्या फैजपूरला शिक्षक होते, असं मी सांगितलं आणि त्या थबकल्या. फैजपूर! म्हणजे बामणोदच्या शेजारी! "मग भरीत खाल्लंच असेल की त्यांनी," असं म्हणून त्यांनी पुतळ्याला परत एकदा, या वेळी नीट, नमस्कार केला.

संध्याकाळी समुद्रावर गेलो तेव्हा पाणी पायाशी होतं. सकाळी पाहतो तर ते पार लांब गेलेलं. नानांच्या कपाळावर खात्यातली जुनी आठी उमटली.

"पानी कथा गयं? कोनी बंद कयं?"

भरती-ओहोटी त्यांना पुस्तकातून माहीत होती, पण खात्यातला माणूस पुस्तकावर किती विश्वास ठेवणार? मग ते वाळूत काठी रोवून बसले. पाणी काठीला लागलं ती वेळ लिहिली, सुटलं ती वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी हिशेब जुळला. जवळजवळ साडेबारा तासांचं आवर्तन, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. ना मागणी अर्ज, ना पाणीपट्टी, ना कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याची बोंब. पांझरेवरच्या फड बागायतीचं पाणी गावोगावचे पाटकरी पिढ्यान्‌पिढ्या वाटत आले, विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी दातर्तीला सायफन बांधला, या सगळ्याचा अभिमान असलेले नाना त्या काठीपुढे नम्र झाले. "वाटप चोख आहे," एवढंच बोलले. मामींचं दुःख निराळं. दिवसातून दोनदा पाणी येतं, तेही मोटार न लावता, आणि भरून ठेवावं असं नाही!

शेवटच्या रात्री घरमालक आप्पांच्या परसात भरीत झालं. पऱ्हाटीच्या काड्या कोकणात कुठून असणार, म्हणून झावळ्या पेटवल्या. वांगी भडकन भाजली. नारळाच्या धुराचा वास लागला, नेहमीसारखी चव आली नाही, असं नाना तिसरी कळण्याची भाकरी मोडताना म्हणाले. आप्पांनी ठेच्याला बोटाचं टोक लावलं, ते तोंडात घातलं, पाणी प्यायले, शेंबूड पुसला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे रोज?"

"हा तर पाहुण्यांसाठी कमी तिखट केला," मामी म्हणाल्या.

मग आप्पांनी कोकणी शिष्टाचाराप्रमाणे विचारलं, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय?"

आम्ही सगळे एकदम म्हणालो, "अजिंठा!" आणि सगळे एकदम गप्प झालो. स्टेशन आमचं, लेणी शेजारच्या जिल्ह्यात. जगभरचे लोक जळगावला उतरतात ते जळगाव सोडण्यासाठी. मग आम्ही घाईघाईने बाकीचं मांडू लागलो. चाळीसगावजवळची पाटणादेवी. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने तिथे मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ, तिथली जुनी दप्तरं. लळिंगचा किल्ला. उनपदेवचा गरम पाण्याचा झरा.

"उन्हाळ्यात किती तापतं?" आप्पा.

"पंचेचाळीस अंश."

"आणि वर गरम पाण्याचा झरा?"

याला उत्तर नव्हतं. निसर्गाने आम्हाला विचारून दिलेला नाही.

आप्पा हसले. यायला आवडेल म्हणाले, पण मे महिन्यात आंबा, दिवाळीनंतर तुमच्यासारखी पाहुणेमंडळी, मोकळीक ती काय पावसाळ्यात. "पावसाळ्यात येऊ?"

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी धुळ्यात लोक एकमेकांना पेढे देतील. नानांनी आप्पांचा नंबर वहीत लिहून घेतला, काठीच्या वेळांच्या खाली, आणि म्हणाले,

"पाऊस आला की फोन करतो."