पुढून वीट, बाजूने प्लास्टिक

ती. बाबा आणि सौ. आई यांस,


नव्या घरात एकदाचे स्थिरस्थावर झालो. "घराचं नीट लिहून पाठव, त्या व्हिडिओत नुसतं छत दिसतं," असं बाबा म्हणाले, म्हणून हे पत्र. छत दिसतं, कारण फोन तुमचा नातू चिंटू धरतो.

न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत, जिथे परवापरवापर्यंत मका डोलत होता, तिथे ही वसाहत झाली आहे. घरं सगळी कलोनियल थाटाची. मधोमध दार, दोन्ही अंगांना मोजून तेवढ्याच खिडक्या, दाराशी पांढरे खांब. मामींनी ते खांब बघून विचारलं, "अरे, तू बँकेत बसून बोलतोयस का?" फारसं चुकलं नाही त्यांचं. पुढची 30 वर्षं घर बँकेचंच आहे.

आता गंमत बघा. आपण वसईची माणसं. 1534 साली पोर्तुगीज वसईत आले, दोनशे वर्षं ठाण मांडून बसले. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तटाखाली सुरुंग उडवून त्यांना बाहेर काढलं, त्यांच्या चर्चमधल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळापर्यंत पोचल्या. आणि त्याच गावचा मी त्यांच्या भाऊबंदांच्या, म्हणजे इंग्रजांच्या, घरांच्या नकलेत राहण्यासाठी कर्जाचे हप्ते भरतोय! अमेरिकनांचंही तसंच. इंग्रजांना हाकलून शंभर वर्षं झाली, 1876 साली फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं, आणि यांना एकाएकी इंग्रजी अमदानीतल्या घरांचा उमाळा आला. पुढे रॉकफेलरने पदरचे पैसे ओतून व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग हे अख्खं गाव जुन्यासारखं करून घेतलं. तो उमाळा अजून ओसरलेला नाही.

फक्त जुनेपण दर्शनी भागापुरतं. पुढून वीट, बाजूने प्लास्टिकच्या पट्ट्या. खांबावर टिचकी मारली तर तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजतो. खिडक्यांना हिरव्या झडपा आहेत. चिंटूने ओढून पाहिल्या, हलेनात. स्क्रूने भिंतीलाच ठोकल्यात. आपल्या ओटीवरचे सागवानी खांब आठवले. त्यांना पाठ टेकून आजोबा विड्याची पानं मोजायचे. इथल्या खांबाला पाठ टेकायची माझी छाती नाही.

घर आपलं, पण हुकूम वसाहतीच्या असोसिएशनचा. दाराला कोणता रंग, पत्रपेटी कशी, गवत किती वाढू द्यायचं, सगळं ठरलेलं. तुमच्या सुनेने, सायलीने, मागच्या गच्चीवर दोरी बांधून आईने दिलेली गोधडी उन्हात टाकली. चौथ्या दिवशी पत्र: वाळवण दिसता कामा नये. कलोनियल काळातल्या बायका कपडे कुठे वाळवत होत्या, हे विचारायचं सायलीच्या फार मनात आहे. मी आवरून धरलंय. गोधडी आता गॅरेजमध्ये, थंडीला भिऊन आत आणलेल्या तुळशीच्या शेजारी आहे.

आता खरी बातमी. वसाहतीच्या टोकाला एक मोठा खड्डा मुद्दाम खणलाय. पाऊस पडला की सगळ्या छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी त्यात जातं, साचतं, हळूहळू मुरतं. बिल्डरने हे काही हौसेने केलेलं नाही. 2004 पासून इथे नियम आहे की एकरभर जमीन उकरलीत तर तिथल्या पाण्याची सोय तुम्हीच करायची, शेजाऱ्याच्या अंगणात सोडायचं नाही. कॅनडातली मोठाली बदकं त्यात उतरतात आणि साऱ्या हिरवळीवर घाण करतात. असोसिएशनची अर्धी बैठक त्या घाणीवर जाते.

पहिल्यांदा तो खड्डा बघितला आणि मी सायलीला म्हटलं, "अगं, हे तर बावखल, आपल्या वाडीतल्या तळ्यासारखं!" रहाट नाही, काठाला केळी नाहीत, पण काम तेच.

आणि इकडे धाकटे काका मला मेसेजवर मेसेज करतायत की वाडीतलं बावखल बुजवू, पार्किंग होईल, बिल्डर वरून चार पैसे जास्त देतोय, तुझी सही पाठव. काकांना विचारा, 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, तेव्हा आपल्या ओटीला पाणी का लागलं नाही? बावखलं विहिरींना गोडं पाणी देतात, खारं मागे रेटतात, हे बाबांनीच मला सांगितलं. फादर दिब्रिटोंच्या हरित वसई चळवळीच्या मोर्चांत बाबा चालत होते तेव्हा काकाही बरोबर होते ना? घोषणा त्यांचीच मोठ्याने असायची म्हणे.

इथला बिल्डर कायद्याच्या धाकाने तळं खणतो आणि त्याची किंमत आमच्या हप्त्यात घालतो. आपल्याला ते खापरपणजोबांनी फुकट दिलंय. सही मी देणार नाही. काकांना माझं नाव सांगा, तुम्ही वाईट होऊ नका.

आईने गुडघ्याचं तेल नियमित लावावं. निर्मळच्या जत्रेत सुकेळी निघाली की किलोभर घेऊन ठेवा, डिसेंबरात येतोय. काकांसाठी एका बदकाचा फोटो आणीन.

आपला,
बंड्या

ता. क. कौलं या वर्षी तरी पावसाआधी शाकारून घ्या. पैसे पाठवले आहेत. ते काकांकडे देऊ नका.