मोटारीला काही कमी पडू दिलं नाहीत!

श्री. कॉन्स्टंटिनोस डॉक्सियाडिस यांस,


१९७५ साली तुम्ही गेलात, पण रियाध अजून तुम्ही आखलेल्या चौकोनांतच राहतं, म्हणून पत्र तुमच्या नावे. १९६८ मध्ये सौदी सरकारनं आपल्या या राजधानीच्या आराखड्याचं काम तुमच्यासारख्या ग्रीक नगररचनाकाराच्या हाती सोपवलं आणि तुम्ही वाळवंटावर दोन किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद असे चौकोन मांडलेत, भोवती ऐसपैस रस्ते. मोटारीला खरंच काही कमी पडू दिलं नाहीत!

चौकोनाच्या पोटात मशीद, शाळा, दुकानं असावीत, तिथं लोकांनी चालत यावं, हा तुमचा विचार मला मान्य आहे. पण चौकोन ओलांडायचा तर? नुसती एक बाजू चालायला पंचवीस मिनिटं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला आणि डोक्यावर सावली नाही. जुन्या रियाधची मातीची घरं एकमेकांना खेटून होती, बोळ अरुंद होते, त्यामुळे भिंतीच वाटसरूवर सावली धरायच्या. हे शहाणपण तुमच्या डोळ्यांसमोर उभं होतं, साहेब. ते का नाही उचललंत?

आणि बायकांचं काय? जून २०१८ पर्यंत सौदीत त्यांना गाडी चालवायची मुभा नव्हती. ती बंदी तुमची नव्हे. पण गाडीवाचून दवाखाना गाठता येत नाही असं शहर आणि वर ही बंदी, म्हणजे बाईला घराबाहेर पडायला भाऊ, नवरा नाहीतर पगारी ड्रायव्हर हवाच. तो ड्रायव्हर कितीदा तरी आपल्या भारतातून गेलेला. सुट्टीच्या दिवशी मात्र तोच त्या रुंद रस्त्याच्या कडेनं ऊन झेलत पायी निघतो. त्याच्यासाठी तुमच्या आराखड्यात काय होतं?

आता निस्तरणं सुरू आहे. १ डिसेंबर २०२४ पासून मेट्रो टप्प्याटप्प्यानं धावू लागली: सहा मार्गिका, १७६ किलोमीटर, ८५ स्थानकं. वादी हनीफा या दरीपासून पूर्वेकडे वादी अस-सुलैपर्यंत झाडांच्या सोबतीनं चालण्याचे, सायकलींचे आणि घोड्यांचे मार्ग, म्हणजे स्पोर्ट्स बूलेव्हार्ड, तयार होतोय. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण मेट्रोतून उतरलेल्याला घर गाठायचं असतं, व्यायाम करायचा नसतो. रियाधच्या कारभाऱ्यांनी आता तुमचे चौकोन मधोमध चिरावेत, प्रत्येक स्थानकापासून आतल्या गल्लीपर्यंत सावलीची वाट काढावी आणि दर दोन-तीनशे मीटरवर मोटारींना थांबवून माणसांना रस्ता ओलांडू द्यावा.

पायी चालणाऱ्यांच्या बाजूचा,
एक मराठी वाचक