‘पुट’ची पुटपुट

(रंगमंचावर टेबल, त्यावर जाडजूड इंग्रजी शब्दकोश, बाजूला खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर कोट. वक्ता येतो, शब्दकोश दोन्ही हातांनी उचलून तोलून पाहतो आणि धाडकन खाली ठेवतो.)

मंडळी, इंग्रजीची धास्ती आपण भलत्याच ठिकाणी घेतली आहे. ‘इन्स्टिट्यूशनलायझेशन’ ऐकलं की आपल्याला घाम फुटतो. वास्तविक तो शब्द म्हणजे निव्वळ गरीब गाय. लांबलचक आहे, पण एकमार्गी. एकदा पाठ केलात की जन्मभर तोच अर्थ देईल. दगा देतात ते पुट, गेट, टेक, सेट, रन. शाळेच्या पहिल्या पुस्तकात भेटतात, म्हणून आपण त्यांना ओळखीचे समजतो. माझं म्हणणं असं, की इंग्रजीत सोपं दिसतं तेच अवघड असतं, आणि जे अवघड दिसतं ते आपल्या सोयीचं असतं. तेव्हा मराठी माणसाने ‘पोस्टपोन’ म्हणताना अजिबात लाजू नये. पुरावा देतो.

(कोट अंगात घालतो.) हे झालं पुट ऑन. मग वजनही पुट ऑन होतं. नाटक रंगमंचावर आणलं तरी पुट ऑन, आणि कुणी नुसतं सोंग आणलं तरी पुट ऑन. म्हणजे या क्षणी अंगावरचा कोट, कोटाच्या आतलं पोट, तुमच्यापुढचा हा प्रयोग आणि माझ्या चेहऱ्यावरचा विद्वत्तेचा आव, चारही गोष्टी एकाच क्रियापदाने उरकल्या. आता ऑनच्या उलट ऑफ. तेव्हा कोट काढणं पुट ऑफ व्हायला हवं ना? (कोट काढतो.) नाही! कोट टेक ऑफ होतो, विमानासारखा. पुट ऑफ होते ती मीटिंग, किंवा घाणेरड्या वासाने जेवणावरची आपली इच्छा. आग पुट आउट केली की विझते. माणूस पुट आउट झाला की मात्र विझत नाही, आतल्या आत धुमसत बसतो. पुट डाउनची तर कमाल आहे. हातातली पिशवी खाली ठेवणं, चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करणं, बंड मोडून काढणं आणि आजारी कुत्र्याला पशुवैद्याकडून कायमचं झोपवणं, सगळं पुट डाउन. इंग्रज शेजारी म्हणाला, की त्याने कुत्र्याला पुट डाउन केलं, तर उचललेला कुत्रा खाली सोडला की हार घालायची वेळ आली, हे त्याचं तोंड बघून ठरवायचं.

आणि पाहुणा! पाहुण्याची रात्रीपुरती घरी सोय केली, तर तुम्ही त्याला पुट अप केलंत. शेवटी नुसता ‘विथ’ चिकटवा, पुट अप विथ. म्हणजे आता तुम्ही त्याला सहन करताय. चार दिवस उलटले की विथ आपोआप येऊन चिकटतो, व्याकरण लागत नाही.

(शब्दकोश उघडतो.) हे रडगाणं फक्त आपलंच आहे असं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यानेच सांगून टाकलंय, की क्रियापदामागे असला छोटा शब्द जोडून अर्थ फिरवायची खोड आमच्या भाषेत फार आहे आणि परक्यांना सर्वांत जास्त अडचण इथेच येते. घरमालकच सांगतोय, की पायरी मोडकी आहे, जपून या. या प्रकाराला फ्रेजल व्हर्ब हे नाव छापून मिळालं ते १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात. म्हणजे पिढ्यानपिढ्या लोक पडत होते, आजाराला नाव तेवढं नव्हतं!

मग एकाला वाटलं, भाषाच सोपी करू. केंब्रिजचा सी. के. ऑग्डेन. त्याने १९३० साली बेसिक इंग्लिश आणलं. एकूण शब्द ८५०, त्यांत क्रियापदं फक्त १८. जगाने टाळ्या वाजवल्या. १९४३ साली खुद्द चर्चिलने हार्वर्डला जाऊन त्याची भलामण केली. रूझवेल्टने मात्र त्याला नंतर कोपरखळी मारली, की तुझ्या त्या आधीच्या गाजलेल्या भाषणातले अश्रू आणि घाम या भाषेत डोळ्याचं पाणी आणि चेहऱ्याचं पाणी झाले असते. पण खरी गोम पुढेच आहे. ‘पोस्टपोन’ हाकललात, मग मीटिंग पुढे कशी ढकलणार? पुट ऑफ! ‘अबॅन्डन’ गेला, आला गिव्ह अप. पुढच्या दाराने एक शब्द हाकलला आणि मागच्या दाराने पुट आणि गिव्ह यांचे दहा-दहा अर्थ आत घेतले. मोजणी शब्दांची झाली, पाठांतर अर्थांचं करायचं. हा हिशेब आपल्याकडच्या कुठल्याही वाण्याने पहिल्याच पानावर पकडला असता.

बरं, अर्थ पाठ झाले तरी सुटका नाही, कारण आसनव्यवस्था वेगळी. पुट ऑफ द मीटिंग चालतं, पुट द मीटिंग ऑफही चालतं. पण मीटिंगच्या जागी ‘इट’ आला, की त्याने मधेच बसायचं, पुट इट ऑफ. लोकलच्या मधल्या सीटवाल्यासारखं त्याला दोघांनी दाबून धरायचं. तेवढ्यात पुट अप विथ येतो आणि सांगतो, आमच्यात मधे कुणी बसायचं नाही, इटने शेवटी उभं राहायचं!

(प्रेक्षकांकडे बोट करतो.) तिथे कुणीतरी पुटपुटलं, की मराठी काय कमी आहे? मान्य. पुटला आपल्याकडे ठेवणे म्हणतात. बाळाला नाव ठेवलं, तर पेढे. बाळाला नावं ठेवली, तर भांडण! मधे काय बदललं? नावाच्या डोक्यावर एक टिंब आलं. शिवाय लिहून ठेव, लिहून टाक, लिहून घे, लिहून दे, आणि ‘हे काय लिहून बसलास!’ यात बसायला खुर्ची लागत नाही. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, त्या माणसाचं मला कौतुक आहे. पण यामुळे माझा मुद्दा पडत नाही, पक्काच होतो. परक्या माणसाने मराठीत ‘दुर्लक्ष केले’ म्हणावं, ते कुठेही खपतं. ‘कानाडोळा’ करायला गेला, की त्याचा कान आणि डोळा दोन्ही धोक्यात.

दुसरा आक्षेप पंडितांचा. ते म्हणतात, या छोट्या शब्दांना तर्क असतो, अप म्हणजे पूर्ण करणं. इट अप, ड्रिंक अप, यूज अप. सुंदर! मग फॉर्म फिल इन केला काय आणि फिल आउट केला काय, एकच कसं? एक आत, एक बाहेर, आणि फॉर्म तेवढाच भरलेला? तर्क आहे, नाही असं नाही. पण तो अर्थ कळल्यावर सापडतो. लग्न झाल्यावर पत्रिका जुळवण्यात काय अर्थ?

आता पोस्टपोनची बाजू. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून त्या भाषेत दोन कपाटं झाली. दरबाराचं, कोर्टाचं कपाट फ्रेंच-लॅटिन, आणि घरातलं कपाट आखूड शब्दांचं. त्यातला टेक तर उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून आलेला. आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरी, कोर्ट आणि कॉलेज यांतून. दरबारी कपाटाची किल्ली आपल्याला मिळाली, स्वयंपाकघराची नाही. म्हणून आपला कारकून ‘काइंडली टॉलरेट द इन्कन्व्हीनिअन्स’ लिहितो आणि लंडनला लोक हसतात. हसू देत. अर्थ तर पोचला?

आणि आपण भारतीयांनी त्या दरबारी कपाटात एक वस्तू रुळवलीही आहे, प्रीपोन. नाकं मुरडली गेली, पण आज ती ऑक्सफर्डच्या कोशात बसली आहे. गरज होतीच. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली म्हटलं, की खुद्द इंग्रजी घरात बोलणाऱ्यांत दोन तट पडतात. काही म्हणतात सोमवार, काही म्हणतात शुक्रवार. ‘प्रीपोन’ म्हणा, सगळे सोमवारी हजर. पुण्यातला असेल तर वर विचारेल, की बुधवारी काय अडचण होती?

(कोट खांद्यावर टाकून निघतो. पडदा.)